खालच्या फळीवरचा माणूस

रविवार, ता. ९, दुपार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघं ठीक. हिची कंबर पुन्हा धरली आहे, पण तोंड शाबूत असल्यामुळे घर व्यवस्थित चालू आहे. मुंगी दोन्ही वेळा पोटभर जेवते. माझ्याबरोबर दवाखान्यात येते आणि माझ्या खुर्चीवर बसून गरागरा फिरते. सुट्टीत मामाकडे आलेल्या भाचीने आणखी काय करावं?

तू विचारलं आहेस, तिच्या स्वप्नात येणारा काळा माणूस म्हणजे आदिबंधच ना? माझ्या व्याख्यानाला तू पहिल्या रांगेत डुलक्या काढत होतीस असं मला वाटलं होतं. पण बरंच लक्षात ठेवलंस. होय, मी तसं म्हणालो होतो. राक्षस, चेटकीण, अंधारातला माणूस ही मुलांना कोणी शिकवावी लागत नाहीत. समुद्र न पाहिलेलं पोरही बुडायचं स्वप्न पाहतं. पिढ्यान् पिढ्या माणूस ज्याला भ्यायला, त्याचा साचा, म्हणजेच आदिबंध, आपण जन्मतःच घेऊन येतो. हा सगळ्यांचा सामाईक साठा, म्हणून त्याला सामूहिक नेणीव म्हणायचं. 'एवढं लिहून पाठव, म्हणजे ह्यांना दाखवते आणि तिच्या रात्रीच्या ओरडण्याचा विषय मिटतो,' असं तुझं म्हणणं.

कालपासून तेच लिहितो आहे आणि फाडतो आहे.

साच्यात काय भरायचं ते घर ठरवतं, हेही मी त्याच व्याख्यानात म्हणालो होतो. तेवढं नेमकं तू विसरलीस.

दवाखान्यात मुलांच्या मनावरच्या उपचारांसाठी वाळूने भरलेली एक पसरट पेटी आहे. शेजारच्या फळ्यांवर बोटाएवढ्या बाहुल्या. वर राक्षस, चेटकीण, अजगर, राजा. अगदी खाली साधी माणसं. मुलांना जे बोलता येत नाही ते ती वाळूत मांडतात. भेदरलेलं पोर हटकून वरच्या फळीला हात घालतं. राक्षसाला इतकी मागणी, की त्याचं शिंग मी कितीदा चिकटवलं असेल.

काल मुंगीने पेटी मागितली. मी आपणहून राक्षस पुढे केला.

"हा नको. हा खोटा आहे."

खाली बसून तिने शर्टपँटमधला माणूस उचलला. त्याच्या मनगटावर घड्याळ रंगवलेलं आहे. ते ती नखाने खरवडू लागली.

"अगं, रंग जाईल त्याचा!"

"पण मामा, बाबा आधी घड्याळ काढतात."

"आधी म्हणजे?"

एक छोटी बाहुली तिने काड्यापेटीत घातली, पेटी बंद केली, वाळूत पुरली आणि वरून थापटलं.

ताई, तुमच्या अडगळीच्या खोलीला बाहेरून कडी आहे. मुंगीच्या पाठीवरचे वळ हिने आंघोळ घालताना पाहिले, काही ताजे, काही जुने. हिला रडू आवरेना. आदिबंधाचे वळ उठत नाहीत गं.

भाऊजी शनिवारी तिला न्यायला येणार आहेत. मी तिला देणार नाही. बालसंरक्षण अधिकारी बाईंना मी सकाळीच सगळं सांगितलं आहे, त्या उद्या मुंगीशी बोलायला येतील. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तू म्हणशील. त्या मुठीत पोर आहे. माझा संताप होतो आहे आणि त्यात तुझाही वाटा आहे, हे लपवत नाही.

एक गोष्ट लिहायची टाळत होतो. पेटीच्या कोपऱ्यात तिने एक बाईही उभी केली, पाठमोरी.

"ही कोण?"

"आई."

"तिकडे तोंड करून का उभी आहे?"

"तिला ऐकू येत नाही ना, म्हणून."

"असं तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मीच ओळखलं."

ही समजूत तिला कुठल्याही पिढीने दिलेली नाही. आईला ऐकू जातं आणि तरी ती येत नाही, हे सोसवेना, म्हणून पोरीने तुला बहिरं करून टाकलं आहे.

शनिवारच्या आत ये. एकटी ये. तुला ऐकू येतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मुंगीचा मामा