सात मऊ, सात कडक

सोमवार, ६ सप्टेंबर २०१०

परत अडकला! एवढासा पावाचा तुकडा, आणि तोही उभ्याउभ्या तोंडात टाकलेला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, भट्टीतून पाव नुकताच निघालेला, वास सुटला — गेला हात. वीस वेळा चावायचं असतं. मी चावला चार वेळा. लगेच छातीत कुणी मूठ आवळावी तशी कळ, आणि तोंडात लाळच लाळ. तेवढ्यात दारावरची घंटी वाजली आणि माझी मैत्रीण आनेग्रेट आत! तिला हातानेच 'थांब' म्हटलं, मागच्या संडासात पळाले, नळ पूर्ण सोडला आणि ओकले. नळ नेहमी आधी सोडते मी. आवाज ऐकू जात नाही.

बाहेर आले तर ही काउंटरवर रेलून उभी. "काय गं बोदिल, डोळे लाल?"

"कांदा."

पावाच्या दुकानात कांदा! पण तिला पटलं. मला चौदा महिने सगळ्यांना सगळं पटवता आलंय. गावाला सांगितलं, पित्ताशयातले खडे काढले. खरं म्हणजे जठराच्या तोंडाशी पट्टा बांधून घेतला — वर एक लहानशी पिशवी राहते, तिच्यात चार घास मावतात, पाचवा वर येतो. हे फक्त आस्गरला माहीत. तेही नवरा म्हणून नाही, दवाखान्यातून घरी आणायला गाडी चालवणारं कुणीतरी हवं होतं म्हणून.


मंगळवार, ७ सप्टेंबर

आज पलटणीत अकरा बायका. हो, पलटणच म्हणतात — 'बोदिलची पलटण'. दर मंगळवारी संध्याकाळी चर्चपासून बंधाऱ्यापर्यंत आणि परत. मी पुढे, बाकीच्या मागे. एकशे अठरा किलोंची बोदिल ब्याऐंशीवर आली ती निव्वळ चालून, असं ह्या सगळ्या समजतात. समजतात काय, मीच सांगितलंय! "चालले. तोंड आवरलं." दोन वाक्यं, दोन्ही खोटी.

आनेग्रेटने गुडघ्याला पट्टी बांधून अख्खा रस्ता काढला. तीन महिन्यांत तिचं अर्धा किलोही उतरलेलं नाही. परतताना माझा हात धरून म्हणाली, "माझ्यातच जिद्द नाही गं. तुझ्यासारखी नाही मी."

तेव्हा सांगायला हवं होतं. रस्त्यात आम्ही दोघीच मागे राहिलो होतो. आणि मी काय म्हटलं? "येईल, येईल, धीर धर." थू माझ्या जिंदगानीवर.


रविवार, १२ सप्टेंबर

रिक्केने आज डुकराच्या मांसाचे दोन मोठे तुकडे खाल्ले, बटाटे दोनदा घेतले, वरून पातेल्यातला रस्सा पावाने पुसून खाल्ला. आणि तरी कंबर बघा पोरीची! वर्षभरापूर्वी ह्याच टेबलाशी ती माझ्याइतकीच रुंद बसायची. शाळेत तिला 'गोणी' म्हणायचे. घरी येऊन रडायची नाही, फक्त जिना जोरात आपटत वर जायची. आता वीस वर्षांची आहे, बालवाडीत नोकरी करते, अजून तीच वरची खोली — पण जिना कसा वाऱ्यासारखा चढते.

मी विचारलं, "कसं काय जमवलंस गं एवढं?"

"तुझंच बघून, आई." आणि डोळा मारला.

पहाटे उठून पळायला जाते ती. थंडी असो, धुकं असो. जेवण झालं की वर अंघोळ, तासभर. आस्गर ओरडतो, गरम पाणी संपवते म्हणून. ओरडू दे. पोरीने घाम गाळून मिळवलंय. आणि मी? मी गुंगीत झोपले होते, दुसऱ्यांनी आत गाठ मारली. लेक प्रामाणिक, आई भामटी. आज तिच्याकडे सरळ बघवेना.


सोमवार, २० सप्टेंबर

दवाखाना. दुकानात सांगितलं, दाताकडे जाते.

फासळ्यांखाली कातडीच्या आत बटणाएवढं काहीतरी कडक लागतं. त्यात सुई घालून पट्ट्यात पाणी भरतात, की तो आवळतो. काढलं की सैलावतो. डॉक्टरीणबाई माझ्या रिक्केहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या. "आठवड्यातून किती वेळा उलटी?"

"एखाद्या वेळी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "खरं सांगा."

"रोज एकदा. कधी दोनदा."

"मग हे पट्ट्याचं काम नव्हे. पट्टा फार आवळलाय. उलटी व्हायलाच नको. थोडं पाणी काढते, निवांत जेवता येईल."

मी शर्ट खाली ओढला. नको म्हटलं. ९ ऑक्टोबरला सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस आहे, अख्खं गाव येणार, फोटो निघणार. दोन किलो जरी परत चढले तरी आनेग्रेटच्या नजरेतून सुटणार नाहीत. हे अर्थातच बोलले नाही. "पुढच्या वेळी बघू," म्हटलं. बाई म्हणाल्या, "ताई, ह्यात लाजण्यासारखं काही नाही." त्यांना काय जातंय! त्यांना कुठे आमच्या गावात राहायचंय?


गुरुवार, ३० सप्टेंबर

दिवसभर फक्त सूप. आणि थोडंसं आइसक्रीम. इथे तरी खोटं कशाला — अख्खा डबा. आइसक्रीम कधी अडकत नाही.


शनिवार, २ ऑक्टोबर

सासूबाईंकडे भाजणं सुरू. सात मऊ, सात कडक. आमच्याकडे मोठ्या दिवसाची कॉफी म्हणजे हेच — आधी लोणी लावलेले बन, मग सात मऊ केक, शेवटी सात कडक बिस्किटं, आणि पाहुण्याने चौदाही चाखायची. एक जरी सोडलं तरी घरधनिणीचं नाक कापलं. सासूबाई ऐंशीच्या झाल्या तरी कुणाच्या ताटलीत काय नाही हे लांबून सांगतात.

मी राय पावाचा, म्हणजे आमच्या काळ्या पावाचा, केक केला — चुऱ्याचे थर, मध्ये मलई आणि काळ्या मनुकांचा मुरांबा. दहा वर्षं तो करायचा मान माझ्याकडेच आहे. ह्या पोटात एक चमचाही उतरत नाही आता.

टीव्ही चालू होता. पट्टा बांधून घेतलेल्या बायकांचाच कार्यक्रम लागला, माझं नशीब! सासूबाई लाटणं हातात धरून बघत उभ्या. "तोंडाला कुलूप लावता येत नाही, म्हणून पोटाला लावतात! शरम नाही वाटत? आमच्या बोदिलकडून शिका म्हणावं." आणि भांडं माझ्यापुढे सरकवलं, "चाटून बघ गं, साखर बरोबर आहे?"

चाटलं. बरोबर होती.

आस्गर कोपऱ्यात अंडी फोडत होता. त्याने मान वर केली नाही. रागावले नाही मी त्याच्यावर. मीच त्याला शपथ घातलीय.


रविवार, १० ऑक्टोबर

काल काय झालं ते लिहून टाकते, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

गावच्या सभागृहात चाळीस माणसं. टेबलांवर वाढदिवसाचे छोटे झेंडे. मी मोठी पर्स नेली होती, आत रुमाल अंथरून. बन गेला रुमालात. सफरचंदाचा केक रुमालात. मलईचा रोल — आस्गरच्या ताटलीत, तो मुकाट्याने गिळतो बिचारा. समोर रिक्के बसली होती, एकेक करून सगळं खात होती, वर मागून घेत होती. सासूबाई हरखल्या. "बघा माझी नात! खाते पण, आणि दिसते पण!"

मग त्या ग्लास वाजवून उभ्या राहिल्या. आधी आलेल्यांचे आभार, मग गेलेल्या सासऱ्यांची आठवण. आणि मग माझ्याकडे वळल्या! "माझ्या सुनेने स्वतःच्या हिमतीवर छत्तीस किलो उतरवले. कुणाला पोट कापू दिलं नाही, औषध नाही, काही नाही. अशी जिद्द पाहिजे!" आणि सगळे उठून उभे. नऊ वेळा हुर्रे — तीन तीन करून — वाढदिवस त्यांचा, जयजयकार माझा. आनेग्रेटला तर रडू आलं. मला वाटलं, आता पर्स उघडावी आणि सगळं टेबलावर ओतावं. बन, केक, मी.

ओतलं नाही. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने राय पावाच्या केकचा तुकडा आणला. "तुझा तू तरी खा, सगळ्यांसमोर." चाळीस माणसं बघतायत. खाल्ला. दोन घास.

तिसऱ्या मिनिटाला छातीत ती मूठ आवळली. हसत हसत उठले. संडासात गेले तर एक दार आतून बंद, आत कुणीतरी नळ धो धो सोडलेला. दुसऱ्यात आनेग्रेटची सून बाळाचे कपडे बदलत बसलेली. मागच्या दाराने बाहेर पळाले, सायकलींच्या शेडमागे, खाजऱ्या झुडपांत — मुरांबा, मलई, लाळ, सगळं. पन्नास वर्षांची बाई, नवा निळा झगा, गुडघ्यांवर!

पाठीवर हात आला. रिक्के.

"हळू, आई. निघू दे सगळं." केस वर धरले माझे. कुणाला हाक मारली नाही, घाबरली नाही. खिशातून कागदी रुमाल काढला, मग पेपरमिंटची गोळी, मग स्वतःची लिपस्टिक. "ओठ पांढरे पडतात, ही लाव. मग कळत नाही."

मी म्हटलं, "रिक्के, मी तुला…"

"मला माहीत आहे गं. केव्हापासूनच माहीत आहे. तू कशाला लाजतेस? मी आजीला नाही सांगणार." आणि मला मिठी मारली.

तिला माहीत आहे! चौदा महिने माझ्या लेकीला माहीत आहे आणि तिने एक शब्द काढला नाही. केवढ्या मनाची पोर! रात्रभर रडले. हलकं वाटलं, आणि लाज दुप्पट.


सोमवार, ११ ऑक्टोबर

दवाखान्याचं कार्ड कपाटात चादरींखाली जिथल्या तिथे आहे. आस्गरला विचारलं, "तू सांगितलंस?" तो म्हणाला, "जीभ कापून ठेवीन, पण तुझी शपथ मोडणार नाही." मग तिला कळलं कसं? जाऊ दे. कळलं हे बरंच झालं.


शुक्रवार, १५ ऑक्टोबर

मीच फोन केला, आज जाऊन आले. पाणी काढलं. सुई टोचली एवढंच, दोन मिनिटांचं काम! संध्याकाळी अर्धा बटाटा आणि मासा खाल्ला, सावकाश. खाली उतरला. राहिला. रडूच आलं ताटलीवर. एवढ्यासाठी मी महिनोन्‌महिने नळ सोडत होते?

दोन किलो येतील. येऊ देत. मंगळवारी पलटणीला सांगणार, आनेग्रेटला सगळ्यात आधी. सासूबाईंना आस्गर आणि मी मिळून. पण त्याआधी रिक्केशी बोलायचं, नीट, तोंडाने. तिने ओळखलं, पण मी सांगितलेलं नाही ना! आईने सांगायला हवं.


रविवार, १७ ऑक्टोबर

सांगितलं. दुपारी, भांडी घासताना. तिचा ओला हात धरून माझ्या फासळ्यांखाली ठेवला. "हे बटण. पट्ट्याचं. घास अडकायचा, म्हणून वर यायचा. तुला माहीतच आहे म्हणा."

तिने हात काढून घेतला. "कसला पट्टा?"

मी परत सांगितलं, सगळं. ती पांढरीफटक पडली.

"म्हणजे तू मुद्दाम नव्हतीस ओकत?" म्हणाली. "आई, मी वर्षभर तुझा नळ ऐकतेय. मला वाटलं, असंच करायचं असतं."