पहिली वेलांटी

४ तारीख, सोमवार

आजपासून मी विद्यापीठाचा ड्रायव्हर. हंगामी का होईना, पण ड्रायव्हर. मिनीबस पांढरी आहे, आतून मात्र कळकट होती. काल दिवसभर घासली. सीटच्या फटींतून पेनांची टोपणं, केसांच्या पिना आणि एक दाढ निघाली. दाढ कोणाची, देव जाणे. पुडीत बांधून ठेवली आहे, कोणी मागितली तर असावी.

सहल पाच दिवसांची. आधी जंगल आणि गुहा, मग पठारावरची जुनी वाट, आणि पलीकडच्या नदीवरचा पूल ओलांडून परत. सोबत इतिहासाचे सर आणि तीन विद्यार्थी. एकाला सगळे शिडी म्हणतात, कारण तो उंच आहे आणि फोटोसाठी कशावरही चढतो. दुसरा पाला. तो वनस्पतींचा अभ्यास करतो आणि दिसेल ते पान खुडून वर्तमानपत्रात दाबतो. तिसरी माझी धाकटी बहीण. ही नोकरी तिनेच शब्द टाकून मिळवून दिली.

निघताना तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हा माझा दादा. कोणी 'ए ड्रायव्हर' म्हणालात तर तुम्ही आहात आणि मी आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नंतर कोणी तसं म्हणालं नाही. शिडीने माझं नाव इस्त्री ठेवलं, माझ्या शर्टावरून. ते चालेल.

रोजनिशी लिहायला धाकटीनेच लावलं. मी नववीत शाळा सोडली ती तिची फी भरता यावी म्हणून, हे तिच्या मनात सलतं. म्हणते, तुझं अक्षर आमच्या सरांपेक्षा चांगलं आहे, ते गंजू देऊ नकोस. आईने मला दाराशी बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की हिला जशी नेतोस तशी आण.

५ तारीख, मंगळवार

दिवस छान गेला. गुहेच्या छतावर धुराचे डाग आहेत. सर म्हणाले की शेकडो वर्षांपूर्वी प्रवासी इथे चूल मांडत. ते बोलायला लागले की थांबत नाहीत, पण ऐकावंसं वाटतं. पाल्याने नेचे गोळा केले. फूल खुडताना तो देठ दोन बोटांत धरून नखाने असा टचकन तोडतो की झाडाला कळतही नसेल. धाकटी त्याला खाटीक म्हणाली. त्याने तिला चष्मिष्ट म्हटलं. जेवणापर्यंत दोघांचं तेच चाललं होतं.

गाडी थांबली रे थांबली की शिडी उडी मारून पहिला खाली. मी दोनदा सांगितलं की हँडब्रेक लागू दे. तो म्हणाला, इस्त्री, चांगला उजेड कोणासाठी थांबत नाही.

ब्रेक, पाणी, हवा तपासली. सगळं ठीक.

६ तारीख, बुधवार

आज पठाराच्या हद्दीवर आलो. रस्त्याच्या कडेला छातीइतका उंच दगड आहे. अलीकडे एका बाईचं चहाचं दुकान, पलीकडे नुसतं गवत. दगडावर कोरलेलं आहे :

या हद्दीत जो प्रथम उतरेल त्याचे देणे एक शीर

सरांनी समजावलं की शीर म्हणजे डोकं. डोईपट्टीसारखा जुना कर असणार, दर गाडीमागे एका डोक्याचा. कोरणाऱ्याला शुद्धलेखन येत नव्हतं, असं म्हणून ते हसले. अक्षरं बुजली होती. फोटोत उठावीत म्हणून त्यांनी मला ती पांढऱ्या रंगाने भरायला सांगितली आणि सगळे चहाला गेले.

अक्षरं भरताना मला ती वेलांटी बघवेना. डोक्याच्या अर्थाने शिर लिहितात, त्यातल्या शि ला पहिली वेलांटी. सातवीत मी दुसरी दिली होती म्हणून मास्तरांनी पट्टीने बोटं सुजवली होती. गाडीत पत्र्याचे पोचे भरायची लांबी होती. ती दुसऱ्या वेलांटीत दाबून बसवली, घासून सपाट केली आणि स्क्रू ड्रायव्हरने पहिली वेलांटी कोरून रंगवली. काल लिहिल्यासारखं दिसतं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

धाकटी चहा पिऊन हसत आली. दुकानातल्या बाईने सांगितलं म्हणे की पठारावर जो पहिला उतरतो तो बोटाला टाचणी टोचतो आणि रक्ताचा थेंब जमिनीवर पाडतो. ट्रकवाले अजून पाळतात. पाला म्हणाला की त्यापेक्षा मच्छर परवडले.

मुक्काम वनखात्याच्या विश्रामगृहात. राखणदार नाही, किल्ली खिडकीत ठेवलेली. खोल्या स्वच्छ, पाणी गार. शिडी नेहमीप्रमाणे आधी उतरला आणि फाटकाचे फोटो काढत बसला.

७ तारीख, गुरुवार, सकाळ

शिडी मेला आहे.

चहाला बोलवायला मी गेलो. तो पलंगावर उताणा होता, चादर छातीपर्यंत नीट ओढलेली. उशी रिकामी होती. मला आधी वाटलं की त्याने डोकं चादरीत घेतलं आहे. मग उशीचा रंग दिसला. डोकं नाही. पलंगाखाली नाही, खोलीत नाही, आवारातल्या विहिरीतही नाही. कडी आतून होती, मी खांद्याने दार तोडलं होतं. मान फाटलेली नाही, चिरलेलीही नाही. देठ खुडल्यासारखी आहे.

पाला ओकला. सर भिंतीला धरून उभे राहिले आणि पुन्हा पुन्हा विचारत राहिले की त्याच्या वडिलांना काय सांगू. फोन लागत नाही. चौकी पुलापलीकडे आहे आणि पूल मागच्या रस्त्यापेक्षा जवळ, म्हणून पुढे निघायचं ठरलं. त्याला ताडपत्रीत बांधून मागे ठेवलं. त्याचे पाय मावेनात. मला ते गुडघ्यात मुडपावे लागले.

गुरुवार, दुपार

लगेच लिहितो. क्रम चुकू नये.

मागचं डावं चाक बसलं. मी हँडब्रेक ओढेपर्यंत सर बघतो म्हणून उतरले. लख्ख ऊन होतं. त्यांनी वाकून चाकाकडे पाहिलं, वळून मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि ते तोंड वर गेलं. डोकं सरळ वर उचललं गेलं, कोणी टोपी काढावी तसं. मग ते कुठेच नव्हतं. सर दोन पावलं चालत आले. रक्त काचेवर उडालं, एवढं की वायपर लावावे लागले. खाली पडल्यावरही त्यांचा हात खिशातला रुमाल शोधत होता.

कोणीही दिसलं नाही. गवतसुद्धा हललं नाही.

मी उतरलो. मला काही झालं नाही. चाक बदललं, सरांना बाजूला सरकवून, कारण जॅक तिथेच लागत होता.

धाकटी कॅमेरा घेऊन बसली होती. रंग भरायच्या आधी शिडीने दगडाचा फोटो काढला होता. तिने तो मोठा करून पाहिला, मग रंगवल्यानंतरचा पाहिला. मला विचारलं की वेलांटी कोणी बदलली. मी म्हणालो, मी. ते चुकीचं होतं.

तिने मनगट पुढे करून निळी रेघ दाखवली. "दादा, ही शीर. दुसरी वेलांटी. ते रक्ताचा थेंब मागत होते."

तेव्हा पाल्याने मला मारलं. आधी हाताने, मग सरांच्या काठीने. मी हात वर केला नाही. तो म्हणत होता की तुझ्या शुद्धलेखनापायी दोन माणसं गेली, आता तिसरा तू. त्यात खोटं काय होतं?

गुरुवार, नंतर

चालत्या गाडीत काही होत नाही. थांबलो तरी होत नाही, उतरलं नाही तर. दर वेळी गाडी थांबली की पहिला उतरतो त्याचंच जातं, मग बाकीच्यांना मोकळीक. धाकटीने हे तोंडाने म्हणून दाखवलं, परीक्षेला पाठ करावं तसं. तिने मनगटाला ब्लेड लावून खिडकीतून रक्तही सांडलं. भरपूर. मग दारातून पाऊल खाली टाकायला गेली तर वरून काहीतरी घासत आलं. मी तिला आत ओढली. तिच्या डोक्यावरचा केसांचा झुबका गेला होता, कातडीसकट.

थेंब आता चालत नाही. आता दगडावर पहिली आहे. माझी.

परत दगडाकडे जावं तर डिझेल पुरणार नाही. पुलापर्यंत पुरेल. नुसतं चालवत राहायचं आहे.

पाला मागे बसून नखं खातो आहे.

गुरुवार, संध्याकाळच्या आधी

वनखात्याच्या ओसाड नाक्यावर अडसर होता. लोखंडी, साखळी लावलेला. धडक दिली तर रेडिएटर फुटला असता. कोणीतरी उतरणं भाग होतं.

मी उठलो. पाला म्हणाला, तू नाहीस, तू गाडी चालव. आणि त्याने धाकटीची वेणी धरली. दारापर्यंत ओढत नेली. ती दांड्याला धरून राहिली, तर तो तिच्या बोटांवर बूट आपटत होता. दोन बोटं मोडली, मला आवाज आला. तो रडत होता. म्हणत होता, तुम्ही दोघं आहात, मी एकटा आहे, माझ्या घरी मी एकटाच आहे.

माझ्या हातात चाकाचा पाना होता. मी तो त्याच्या कानावर मारला. परत मारला. कवटी आत गेलेली हाताला कळते — कच्च्या भोपळ्यासारखी. तो माझ्याकडे वळला, डोळा बाहेर आला होता, आणि मला दादा म्हणाला. धाकटीचं ऐकून ऐकून असेल. मी त्याच्या छातीवर लाथ मारली.

तो पायांवरच उतरला. नीट. मग टचकन.

अडसर मी उघडला. साखळी काढताना त्याच्या अंगावरून जावं लागलं. त्याच्या खिशातून दाबलेली पानं बाहेर आली होती —

मी खून केला आहे. स्वच्छ लिहितो. खून.

गुरुवार

पूल दिसतो आहे. खरंच. खाली वळणावर, उन्हात. पलीकडे एक माणूस सायकल ढकलत चालला आहे.

आणि मध्ये दगड. दरड. एकच मोठा आहे, तो हलला तर गाडी निघेल. उतरल्याशिवाय हलणार नाही. डिझेलचा काटा तळाला.

इंजिन बंद केलं नाही.

धाकटीला क्लच दाखवला. तिचे हात — डावीकडची बोटं सुजली आहेत, गियर धरता येत नाही. म्हणालो, उजव्या हाताने टाक, पहिल्यातच ने, उतार आहे, पुलावर आपोआप जाशील. मी उतरतो, ढकलतो. डोकं गेल्यावरही सर दोन पावलं चालले होते. मला तेवढं पुरेल.

ती म्हणाली की आईने तुला काय सांगितलं होतं, मी दाराआडून ऐकलं होतं. म्हणाली, "मला गाडी येत नाही, दादा. तुला येते. आईला दोघांतलं एक तरी पोचायला हवं ना?"

मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. ड्रायव्हरच्या सीटवर ये म्हटलं.

ती बरं म्हणाली. ती इतक्या पटकन बरं कधी म्हणत नाही.

हे लिहून वही तिच्या पिशवीत ठेवणार आणि उतरणार. धाकटे, क्लच हळू सोड. मागे पाहू नकोस. आईला सांग की चूक माझी होती, लिहिण्यातली, आणि पाल्याच्या घरी

मागचं दार वाजलं

ती सीटवर नाही

खाली आहे. दगडाशी. दोन्ही हात दगडाला लावलेत, पाय रोवलेत, मोडकी बोटंही. मी हाक मारतो आहे, ती ढकलते आहे —

दगड हलला. कडेला गेला. पडला. वाट मोकळी आहे.

ती अजून ढकलते आहे. पुढे काही नाही, तरी ढकलते आहे. वेणी दिसत नाही. खांद्यांच्या वर मला नुसता पूल दिस