पडद्याआडचा प्रश्न

त्यागरायनगर, मद्रास
मार्च १९६२

प्रिय चंद्रिके,

तंजावरला परत ये म्हणतेस, पण मी या वृद्धाश्रमात बरी आहे. रसम पातळ असतं, सोबत मात्र भरपूर.

पोंगलच्या सुमारास मी आजारी होते, हे तुला कळवलं होतं; आजार कसला, ते नाही. इथली आया रोज सकाळी दालनाच्या दारातून एकेकीला तमिळमध्ये मोठ्यानं विचारायची, झालं का म्हणून. जन्मभर शाळेत मुलींना शिकवलेली मी चारचौघींत काय सांगणार? हो म्हणायची. खरं तर होत नव्हतं. संडास अंगणापलीकडे, वाट निसरडी, म्हणून पाणीही कमीच प्यायची. पुढं जेवण नकोसं झालं, पोट दगडासारखं. अडलेल्याच्या कडेनं अधूनमधून थोडं पातळ झिरपून लुगडं खराब व्हायचं. जुलाब समजून ते थांबवायचं औषध मिळालं, त्यानं आणखीच अडलं. मग म्हणे मी आयेला आई म्हणून हाका मारू लागले, शाळेची घंटा झाली म्हणून उठून चालू लागले. म्हातारीची बुद्धी गेली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

तेवढ्यात तुळसी नावाची नर्स रजेवरून परतली. तिनं खाटेभोवती पडदा ओढला, माझ्या पोटावर हात ठेवला आणि कानाशी वाकून म्हणाली, "अक्का, इथं दुसरं कुणी नाही. शेवटचं नीट कधी झालं होतं?"

मला नुसतं रडू आलं. तिनं डॉक्टरांना बोलावलं, त्यांच्या सांगण्यावरून एनिमा दिला. पोट मोकळं झालं आणि हळूहळू माणसं मला ओळखू येऊ लागली. आता ती प्रत्येकीला पडद्याआडच विचारते.

हे सगळं आज लिहिलं ते तुझ्या यजमानांसाठी, मानाजीरावांसाठी. पडल्यापासून ते अंथरुणावर आहेत, जेवत नाहीत, तुला ओळखत नाहीत, आणि मुलं त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं म्हणताहेत. त्यांची बुद्धी खरंच गेली असेलही; मी काही डॉक्टर नाही. पण नवऱ्याला असलं काही विचारायचं नसतं, असं मानणारी तू, हे मला ठाऊक आहे. खोलीचं दार लावून घे आणि विचार. उत्तर नाही आलं, तर पोटावर हात ठेवून बघ आणि डॉक्टरांना आधी तेच सांग. इस्पितळाची गाडी त्यानंतर बोलवा.

तुझीच,
सईअक्का