समोरच्यांपेक्षा एक फूट मोठी टाकी

२२ डिसेंबर, रविवार
समोरच्या फ्लॅटमधल्या श्रीपतराव म्हात्र्यांनी माशांची टाकी आणली. दोन फुटी. आत वाळू, दोन दगड, एक हिरवं रोप आणि पाणी. मासे नाहीत. विचारलं तर म्हणाले, आधी पानी पिकाला पायजे साहेब, महिनाभर नुसतं फिरत ठेवायचं, घाई नाय करायची. पाणी पिकायला तो काय हापूस आहे? चेहरा गंभीर ठेवून घरी आलो, दार लावलं आणि मग हसलो. विनिता हसली नाही. म्हणाली, छान दिसतंय पण. काय छान दिसतंय? पाणी?

म्हात्रे खाडीकाठच्या गावचे. भातशेती सोडून बांधकामाच्या सामानाचं दुकान टाकलं आणि इकडे एव्हरशाईनमध्ये, आमच्याच मजल्यावर राहायला आले. माणूस चांगला. पण माशांतलं त्यांना काय कळणार? आम्ही परब, देवगडचे. सात पिढ्या मासे. कुठलाही मासा समोर आणा, तो कोणत्या मसाल्यात जाईल हे मी डोळे मिटून सांगतो.
ठरलं: या विषयाकडे लक्ष द्यायचं नाही.

२९ डिसेंबर, रविवार
विनिता चहाचा कप घेऊन समोर गेली.
आमचा संध्याकाळचा चहा लग्नापासून एकत्र. मी आलो की ती चहा टाकते, मग मी दिवसभराचं सगळं सविस्तर सांगतो. ऑफिस, राजकारण, मधूनच देवगड. तिच्यासारखा श्रोता मिळणार नाही. कधीकधी तर डोळे मिटून ऐकते, इतकी एकाग्र होते. आज मात्र कपासकट समोर. म्हणे म्हात्र्यांच्या हंसावहिनींनी बोलावलंय. बिनमाशांच्या टाकीत इतका वेळ बघण्यासारखं काय असतं? परत आली ती प्रसन्न चेहऱ्याने.
मला मत्सर वगैरे वाटत नाही. तो माझा स्वभावच नाही. फक्त नोंद करून ठेवतोय.

८ जानेवारी, बुधवार
आजही समोर. कालही. परवाही.
ऑफिसात आज मी साहेबांना चांगलं सुनावलं (मनात). हे सांगायचं कुणाला? चहा गार झाला. बिस्किटही मऊ पडलं.

१५ जानेवारी, बुधवार
त्यांचे मासे आले. आख्खा मजला बघायला गेला. मीही गेलो, शेजारधर्म म्हणून. मासे बोटाच्या पेराएवढे! आमच्याकडे असले मांजरापुढेही टाकत नाहीत. हे मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. कुणी हसलं नाही. सगळे गप्प बसून बघत होते. विनिता तर हनुवटीवर हात ठेवून अशी बसली होती की तसा चेहरा आमच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा सापडायचा नाही.
झोंबलं. रोजनिशीत खोटं कशाला लिहा, फार झोंबलं. माझ्या बायकोचा तो चेहरा, आणि तो म्हात्र्यांच्या हॉलमध्ये.
पण हा मत्सर नव्हे. याला दर्जाची चाड म्हणतात.
ठराव: आपलीही टाकी. तीन फुटी.

१९ जानेवारी, रविवार
ग्लेनच्या माशांच्या दुकानात गेलो. तीन फुटी टाकी, फिल्टर, दिवा, प्लास्टिकचा किल्ला. मासे लगेच हवेत म्हटलं तर तोही तेच. अंकल, टाकी आधी महिनाभर रन करा, मग फिश न्या. सगळे एका माळेचे मणी. मी त्याला देवगडबद्दल सांगितलं. पुढच्या रविवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू आहे हेही सांगितलं. बायका काय महिनाभर दारात उभ्या राहणार? शेवटी म्हणाला, तुमची मर्जी.
टाकीसाठी टीव्ही बेडरूममध्ये हलवला आणि विनिताची खुर्ची गॅलरीत टाकली. तिने विचारलं, हे सगळं कशासाठी? म्हटलं, तुझ्यासाठी. ती गॅलरीत जाऊन त्या खुर्चीत बसली. भारावली असावी.

२६ जानेवारी, रविवार, सकाळी
सोसायटीचं झेंडावंदन झालं. येताना डझनभर गोल्डफिश आणले. एकेक लिंबाएवढा. म्हात्र्यांचे सगळे मासे मिळून माझ्या एका माशाएवढे भरतील. टाकीला हार घातला. काचेवर कुंकवाचं स्वस्तिक.

त्याच दिवशी, संध्याकाळी
अभूतपूर्व!
पद्धत मीच ठरवली होती. आधी हळदीकुंकू, मग तिळगूळ, मग वाण, आणि मग प्रत्येकीच्या हातून माशांना एकेक चिमूट खाणं. आपल्या घरातून कुणी उपाशी जात नाही, मग माशांनीच काय घोडं मारलंय? दोन बिल्डिंगच्या बायका आल्या. कुणी संकोच केला की मी आग्रह करायचो, एवढंच का, घाला अजून, लाजू नका. मासेही नको म्हणत नव्हते. तळमजल्यावरच्या काकूंनी कौतुकाने हलव्याचे चार दाणे टाकले. त्यांचं बघून इतरांनीही. मी हरकत घेतली नाही. सणाचे दिवस.
फक्त हंसावहिनींनी काही घातलं नाही. म्हणाल्या, पुरं करा ओ भावजी, पोटं फुटतील त्यांची. मत्सर माणसाला काय काय बोलायला लावतो!
नंतर मी टाकीशेजारी उभं राहून गोल्डफिशची माहिती दिली. बायका मधूनच उठून गेल्या. आज सगळीकडेच हळदीकुंकू असतं, त्यांचा इलाज नाही.

२७ जानेवारी, सोमवार
पाणी पांढरं झालंय. ताकासारखं. पिकलं बहुधा. म्हात्र्यांना महिना लागला, आमचं एका रात्रीत.
संध्याकाळी विनिता घरी! माझ्याशेजारी! चहा! म्हणाली, मासे कुठायत? म्हटलं, आतच आहेत. मग पाणी पिकण्याची सगळी प्रक्रिया तिला समजावून सांगितली. तिने डोळे मिटून ऐकलं.

२९ जानेवारी, बुधवार
पहाटे उठलो तर चार मासे वर तरंगत होते. पोट वर करून. आधी वाटलं झोपण्याची पद्धत असेल. नव्हती.
विनिता उठायच्या आत चौघांना गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. ऑफिसला हाफ डे टाकून ग्लेनकडून तसेच चार आणले. तो म्हणाला, अंकल, खाणं बंद करा आणि आता नवीन फिश टाकू नका. दुकानदार असून माल विकायला तयार नाही. म्हात्र्यांचा माणूस दिसतो.

३१ जानेवारी, शुक्रवार
श्रीपतराव घरी आले. टाकीजवळ वाकले, वास घेतला आणि परत गेले. पाच मिनिटांनी आपल्या फिल्टरमधला स्पंज पिशवीत घालून आले. काळपट, बुळबुळीत. म्हणाले, ह्यो तुमच्या फिल्टरात ठेवा साहेब, ह्याच्यात बारीक जंतू हायत, ते घान खातात, तुमचा पानी सुधारेल.
जंतू! स्वतःच्या तोंडाने सांगितलं! माझ्या टाकीला लोक यायला लागले हे बघवत नाही माणसाला, म्हणून स्वतःचे जंतू माझ्या माशांवर सोडतोय. मी हसून आभार मानले, चहाही पाजला. ते गेल्यावर तो स्पंज भांड्यांच्या साबणाने नळाखाली धुतला, पिवळाधमक होईपर्यंत. चांगला निघाला. आता ओट्यासाठी वापरतो.

२ फेब्रुवारी, रविवार
आज युद्धपातळीवर सफाई. मासे बादलीत. वाळू मोठ्या पातेल्यात घालून गॅसवर उकळली. काच, किल्ला, फिल्टर, सगळं साबणाने. टाकी बोअरच्या पाण्याने काठोकाठ भरली. बोअरचं थोडं खारट आहे, पण मासे म्हटल्यावर खारं पाणी आलंच. बांगडा काय विहिरीत मिळतो?
त्यात विनिता पाचूबंदरच्या मासळी बाजारात जाऊन सुरमई घेऊन आली होती. म्हटलं टाकीसमोर बसून जेवू. ती ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. म्हणाली, ते बघतायत.

५ फेब्रुवारी, बुधवार
कढीपत्ता जोरात फुटलाय. विनिताने विचारलं, काय घालता? म्हटलं, माया.
मासे दोन उरलेत. दोघंही कोपऱ्यात माझ्याकडे पाठ करून असतात. पाणी स्वच्छ, काच स्वच्छ, किल्ला स्वच्छ. अजून काय करायचं माणसाने?
विनिता पुन्हा समोर जायला लागली. जाताना म्हणाली, तुम्हीही चला ना. मी नाही म्हटलं. स्वाभिमान नावाची काही चीज असते. मग दाराच्या भिंगातून त्यांचं बंद दार बघत उभा राहिलो. आतून काही ऐकू येत नव्हतं. हसणं नाही, बोलणं नाही, काही नाही. माझ्याशिवाय इतकं काय चाललं असेल त्यांचं?

९ फेब्रुवारी, रविवार
एकच उरला. विनिताने मला काही विचारलं नाही. स्टीलचं पातेलं घेतलं, चहाच्या गाळणीने मासा अलगद उचलला आणि चपला न घालताच समोर गेली. दारातून एवढंच म्हणाली, हा तरी जगू दे.
श्रीपतरावांनी त्याला आधी वेगळ्या टबात ठेवलंय म्हणे. माझा मासा. त्यांच्या टबात.
नवीन गाळणी आणणे.

१२ फेब्रुवारी, बुधवार
नवी योजना तयार. चार फुटी टाकी. चूक टाकीच्या आकारातच होती. विनिता समोरून येईपर्यंत कच्चा आराखडाही काढला. ती आल्यावर सांगायला सुरुवात केली, तर तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.
मग मी विचारलंच. एवढं काय आहे त्यांच्या माशांत?
ती म्हणाली, माशांचं काही नाही हो. टाकीत नुसतं पाणी होतं तेव्हापासून जातेय मी. तिथे कुणी काही सांगत नाही. आपण बसायचं, बघायचं, चहा प्यायचा, उठायचं. मग हळू आवाजात म्हणाली, तुम्ही वाईट नाही आहात. पण बावीस वर्षं ऐकतेय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
ऑफिसला गेलो. आलो. बोललो नाही.
म्हणजे मला म्हात्र्यांच्या माशांचा नाही, म्हात्र्यांच्या गप्प बसण्याचा हेवा करायला हवा होता. तो कसा करतात तेच ठाऊक नाही. वाईट वाटतंय.

१६ फेब्रुवारी, रविवार
आज मी आपणहून विनिताबरोबर समोर गेलो. निश्चय पक्का: एक शब्द नाही. चौघे ओळीने बसलो. हंसावहिनींनी चहा दिला. माझा मासा आता टबातून टाकीत आलाय, लाल, टवटवीत. चांगला फिरत होता. त्याच्याविषयी मला बरंच सांगण्यासारखं होतं, ते सगळं चहाबरोबर गिळलं. पंख्याचा आवाज येत होता. फिल्टरचा येत होता. कबूल करतो, बरं वाटत होतं. विनिताचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता आणि तिने तो काढला नाही.
बराच वेळ गेला. मग तिने वळून माझ्याकडे बघितलं, हाताची पालथी बाजू माझ्या कपाळाला लावली आणि विचारलं, बरं नाहीये का तुम्हाला?
म्हटलं, छान आहे. आणि तिने आपण होऊन विषय काढलाच होता, म्हणून गोल्डफिशच्या तब्येतीबद्दल थोडंसं सांगितलं. ओघात देवगडही आलं. थोडक्यातच.
विनिता कप विसळायला उठली. हंसावहिनी तिला मदत करायला गेल्या. श्रीपतरावांना दुकानातून फोन आला असावा, तेही गॅलरीत गेले. रविवारी लोकांना कामं फार.
टाकीसमोर मी एकटाच उरलो. माझा मासा काचेपाशी आला, मी बोलत होतो तेवढ्यात क्षणभर थांबला, आणि मग वळून दगडामागे गेला.