बिब्ब्याला शिकवलेला शब्द

ती. आईस,
रेवाचा ओंगारहून नमस्कार.

बाबांना सांग, कुत्र्याच्या पिल्लाला, बिब्ब्याला, मी कोंडत नाही. पिंजरा त्याला आत वळून झोपता येईल एवढाच घेतलाय, कारण कुत्रं झोपायची जागा सहसा घाण करत नाही. पाऊस असला तरी दर दोन तासांनी बाहेर नेते. नऊ दिवसांत लादी दोनदाच पुसावी लागली. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

आत जायला बिब्ब्याला एकच शब्द शिकवलाय, 'घरी'. इथे मराठी कळणारं कुणी नाही, त्यामुळे दिवसभरात मी मोठ्याने बोलते तो मराठी शब्दही तेवढाच.

रविवारी तू स्पीकरवर विचारलंस, "घरी कधी येतेस गं?" तेव्हा तुला वाटलं तसा फोन कट झाला नव्हता. ते ऐकून बिब्बा उठला आणि पिंजऱ्यात जाऊन बसला. मी बघत राहिले, म्हणून बोलले नाही.

तुझी,
रेवा