प्रत्येक बटण आधी माझ्याकडे

३ मार्च, सोमवार
वाचनालयात पुस्तकांच्या यादीचा माझा प्रोग्राम बसवला. तीन आठवडे वापरून बघणार, २४ तारखेला होकार किंवा नकार. नकार आला तर साहेब मला हेडफोन लावून तक्रारी ऐकायला बसवणार. तशी वेळ येणार नाही. कीबोर्डवरचं प्रत्येक बटण आधी मुख्य विंडोकडे येतं, म्हणजे माझ्याकडे. पुढे कोणाला द्यायचं ते मी ठरवतो. टेस्टिंगच्या ताई म्हणाल्या, आधी कर्सर कुठे आहे ते बघा, मग अडवा. मी म्हटलं, दारावर एकच माणूस हवा. दारावर हवा, ताटावर नको, म्हणाल्या. बोलतात चांगलं. पण ते तांत्रिक नव्हे.

५ मार्च, सकाळी ११
ग्रंथपालबाईंचा फोन. प्रत्येक पुस्तकापुढे त्या शेरा लिहितात: पान फाटलंय, कोणीतरी समासात गणितं सोडवलीत. आज शेऱ्यातलं एक जादा अक्षर खोडायला डिलीट दाबलं. अक्षर राहिलं बाजूला, यादीतून पुस्तकच गेलं. शेऱ्यासकट. डिलीट म्हणजे पुस्तक काढणे, हे माहितीपुस्तिकेत पान ३१ वर आहे. नम्रपणे सांगितलं. बाई म्हणाल्या, पुस्तिका लिहिणाऱ्याने जन्मात अक्षर खोडलं नाही वाटतं?
माझं चुकलं का? प्रामाणिकपणे दहा मिनिटं विचार केला. नाही.

७ मार्च
तरी सोय केली. डिलीट दाबलं की आता चौकट येते: खरंच काढायचं? एंटर म्हणजे हो. निश्चिंत.

१० मार्च
अकरा पुस्तकं गेली. चौकट दिसली की न वाचता एंटर दाबायचं, ही बाईंची बावीस वर्षांची सवय. सवयीला औषध नाही म्हणतात. आहे. एंटर बंद केलं.

११ मार्च
एंटर सगळीकडेच बंद झालं. साहजिक आहे, तेही आधी माझ्याकडेच येतं. शेऱ्यात दुसरी ओळ सुरू होत नाही. बाईंनी विचारलं, माळ्यावरचा टाइपरायटर काढू का? रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एंटर पूर्ववत केलं.

१३ मार्च
जेवताना लेकीने आईला काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं. लेक म्हणाली, बाबा, आईला विचारलं होतं. ही म्हणाली, राहू दे गं, लग्नापासून असंच आहे. कामाशी संबंध नाही. केवळ नोंद.

१७ मार्च
संकल्प: उद्या ताईंची पद्धत करून बघणे. फक्त तुलनेसाठी.

१८ मार्च
मेनूचे रंग बदलण्यात दिवस गेला. रंग महत्त्वाचेच.

२१ मार्च
मी चहाला गेलो असताना ताईंनी दोन ओळी घातल्या. कर्सर लिहायच्या जागेत असेल तर बटण तिकडेच जाऊ द्यायचं. बस. चाळीस वेळा डिलीट दाबून पाहिलं, अक्षरंच गेली. मूळ रचना लवचीक होती म्हणूनच दोन ओळींत भागलं, असं साहेबांना कळवलं. कळवताना जरा कसंतरीच वाटलं.

२४ मार्च
साहेब आणि ताईंबरोबर वाचनालयात गेलो. तिन्ही कीबोर्डांवर डिलीटच्या जागी खड्डा. बाईंनी चमच्याच्या दांड्याने बटणं उपटून पाकिटात घातली होती. पाकीट माझ्या हातात दिलं. म्हटलं, आता दुरुस्त झालंय, लावून देतो. नको, म्हणाल्या, आत्ता कुठे भीती गेलीये.
होकार मिळाला. अट एकच: यापुढे फोन थेट ताईंना, मधे कोणी नको. साहेबांनी माझ्याकडे न बघताच मान डोलावली.
परतताना ताईंना म्हटलं, फोन तुम्हीच घ्या, फक्त आधी मला सांगत जा. त्या रस्ता ओलांडायला लागल्या.

संध्याकाळ
तिन्ही डिलीट माझ्या टेबलावर आहेत. एकेक दाबून पाहिलं. काही होत नाही.