शिसं, तांबं आणि कॉलिनचा डबा

३ नोव्हें., सोम.
डबा परत आला. कॉलिनच्या घरचा, आइस्क्रीमचा, दोन लिटरचा. सप्टेंबरपासून आमच्यात ये-जा करतोय. कॉलिन त्यातून हरणाचं मटण देतो. अश्विनी, माझी बायको, तो धुऊन चकल्या नाहीतर चिवडा भरून पाठवते, कारण रिकामा डबा परत द्यायचा नसतो, आईची शिकवण. कॉलिनला वाटतं, यांना मटण फारच आवडलं. की पुन्हा मटण! बॉसला नको कसं म्हणणार? नागपूरला हरिण मारलं तर जेल, इथे इंग्लंडात, मेडनहेडला, हरिण मारणाराच माझा साहेब.
कामाचं: शिकारीचं खासगी रान राखणाऱ्या एका मोठ्या इस्टेटीची काडतुसांची ऑर्डर अडलीय. शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या घ्याव्यात की तांब्याच्या? शिशावर बंदी येणार हे सगळ्यांना ठाऊक, पण मुदत आहे, आणि आमचं गोदाम शिशाने भरलंय. चाचण्या माझ्या, रिपोर्ट माझा, सही माझी. २८ पर्यंत.

६ नोव्हें., गुरु.
दिवसभर मांसाऐवजी जिलेटिनच्या ठोकळ्यांवर गोळ्या झाडल्या. तांब्याची गोळी आत जाऊन पाकळ्या उघडते, वजन घटत नाही. शिशाची फुटते, बारीक चुरा मागे ठेवते. वाटलं, झालं, रिपोर्ट सोपा. पण लांबून, वेग कमी पडल्यावर तांबं उघडलंच नाही. सरळ आरपार. म्हणजे हरिण जखमी होऊन पळणार, कुठल्यातरी झुडपात तडफडत पडणार.
कॉलिन म्हणाला, "जनावर जागच्या जागी पडलं पाहिजे. तेवढीच दया आपल्या हातात असते."
खरं बोलतो. लबाड असता तर मला सोपं गेलं असतं.

११ नोव्हें., मंगळ.
कॉलिनच्या कोल्ड रूममधला हरणाचा खांदा एक्स-रेखाली ठेवला. जखमेभोवतीचं मांस त्याने स्वतः काळजीपूर्वक कापून काढलेलं. तरी भोकापासून वीतभर लांब पांढरे ठिपके, शिशाचे. डोळ्याला काही दिसत नाही, दाताला लागत नाही.
घरी येताना ट्रेनमध्ये आपल्या फ्रीझरची आठवण झाली.

१२ नोव्हें., बुध.
घरचं एक पाकीट लंचबॅगेतून नेलं. सगळे जेवायला गेल्यावर मशीनखाली ठेवलं.
ठिपके. एक मोहरीएवढा, बाकी रव्यासारखे.
अश्विनीला पाचवा महिना.
आणि आम्ही ते शिजवतो कसं? आईने व्हिडिओ कॉलवर सांगितलेलं, "जंगली मटण चिवट असतं गं, आंबट दह्यात मुरू दे, वरून चिंचेचा कोळ घाल." आंबटात शिसं विरघळतं. धातुशास्त्राची पदवी भिंतीवर लावलीय मी. तिच्याखाली बसून दर रविवारी बोटं चाटत होतो.
सांगायला हवं. उद्या सांगतो.

१६ नोव्हें., रवि.
नाही सांगितलं. चार दिवस "ॲसिडिटी आहे, साधा वरणभात कर" एवढंच. आज तिने माझ्या आधी उठून मटण काढलं, मुरवलंसुद्धा. जेवताना फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, आई समोर. "नातवंडासाठी खा गं पोटभर."
मी म्हणालो, "रस्सा खारट झालाय, राहू दे."
अश्विनी हसली. "तुझं तोंड खारट आहे."
चार तुकडे खाल्ले तिने. मी मोजले आणि गप्प बसलो. आईसमोर कसं बोलू, हे कारण. त्या क्षणी ते पुरेसं वाटलं. लाज वाटते लिहितानाही.

१९ नोव्हें., बुध.
कॉलिनने ड्राफ्ट वाचला. एक वाक्य घालायला सांगतो: नीट साफ केलेल्या मांसात शिसं राहत नाही.
"मी जन्मभर खातोय, बघ की, ठणठणीत आहे. माझी नातवंडं बर्गर खातात याचेच." धाकटी दोन वर्षांची. तिचा फोटो त्याच्या टेबलावर आहे, आणि त्याच टेबलावर माझ्या व्हिसाचे कागद. व्हिसा जानेवारीत संपतो. स्पॉन्सर तोच. कागदांबद्दल चकार शब्द काढला नाही त्याने. धमकी दिली असती तर भांडता तरी आलं असतं. वर विचारतो, "अश्विनी कशी आहे? नीट खाते ना?"
धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

२२ नोव्हें., शनि.
सांगितलं. सगळं, एक्स-रेसकट.
तिने विचारलं, "तुला कधी कळलं?"
"बारा तारखेला."
तिने मनात हिशोब केला. रविवार आठवला तिला. मला वाटलं ओरडेल. उठली, फ्रीझर रिकामा केला, ओटा दोनदा पुसला.

२४ नोव्हें., सोम.
दवाखान्यातल्या मिडवाइफने शिसं तपासायला तिचं रक्त घेतलं. "घाबरू नका, फक्त आता ते मटण खाऊ नका." रिझल्ट यायला आठवडा. मटण कुणी दिलं विचारल्यावर अश्विनी म्हणाली, "फ्रेंड."
बसस्टॉपवर मला: "सही कर नाहीतर नको करू, ते तू बघ. व्हिसा गेला तर एवढं पोट घेऊन मी विमानात बसेन. पण त्याच्या नातीला आई आहे. तिला माहीत नाही. तू अजून एका बाईला तसंच जेवू देणार आहेस का?"
बस आली.

२८ नोव्हें., शुक्र.
रिझल्ट आलेला नाही.
सकाळी ओट्यावर डबा. धुतलेला, कोरडा. अश्विनी म्हणाली, "या वेळी मी काही भरलेलं नाही."
रिपोर्ट प्रिंट केला. तांबं लांबून उघडत नाही, हे लिहिलंय. शिसं मांसात राहतं, हेही. त्याचं वाक्य घातलेलं नाही. सहीची जागा मात्र अजून कोरी. पेन तीनदा उघडून बंद केलं.
आमच्या पाकिटाच्या एक्स-रेची घडी करून डब्यात ठेवली आणि डबा कॉलिनच्या टेबलावर, फोटोशेजारी. फोनवर होता. डबा बघून चेहरा खुलला, रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं, "चकलीज?"
मी मान हलवली. हो की नाही, मलाच कळलं नाही. जागेवर येऊन बसलोय, हे लिहितोय. पार्टिशनपलीकडे त्याचं बोलणं संपलं.
झाकणाचा आवाज अजून आलेला नाही.